छातीवर कडी असलेला हार्नेस: ओढणाऱ्या कुत्र्यासाठी घ्यावा का?

घ्यावा, पण फक्त ओढण्याच्या सवयीसाठी. हार्नेस म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज. अंगावर उड्या मारणं, चपला कुरतडणं, बेल वाजली की भुंकणं यांवर तो उपाय नाही. पाकिटावर ‘नो पुल’ छापलंय म्हणून कुत्रा शहाणा होत नसतो.

साध्या हार्नेसची कडी पाठीवर असते. भार छातीवर पडतो, गळ्याला काचत नाही, मग गडी आणखी जोर लावतो. बर्फावरच्या गाडीला कुत्रे जुंपतात ते याच तत्त्वावर. कडी छातीवर असली की दोर ताणताच त्याचं अंग तुमच्याकडे वळतं आणि पुढे रेटायला जोर उरत नाही.

साइज वजनावरून घेऊ नका. वीस किलोचा देशी कुत्रा आणि तेवढ्याच वजनाचं लॅब्रॅडोरचं पिल्लू यांची अंगकाठी वेगळी. पुढच्या पायांच्या लगेच मागे, बरगड्यांच्या घेराला टेप लावा. पट्टा आवळल्यावर त्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. ढिला राहिला तर चालताना कडी एका बाजूला जाते, पट्टा काखेत घासतो, आधी केस जातात आणि मग लाल चट्टा येतो. पावसात भिजलेलं नायलॉन अंगावर तसंच ठेवलं तर हे फार लवकर होतं. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारे प्रकार टाळा, पाय मोकळा पडत नाही.

खरी अडचण देशी कुत्र्यांची. छाती खोल, कंबर बारीक. घाबरला की मागे सरकत सरकत अख्ख्या हार्नेसमधून निसटतो. निवडणुकीच्या दिवसांत तर हमखास. उमेदवार गल्लीत शिरला की फटाक्यांची माळ लागते, डीजे येतो, आणि आचारसंहितेत कुत्र्याच्या कानांचा विचार कुणी केलेला नाही. म्हणून हार्नेसची कडी आणि गळ्यातला पट्टा जोडणारी छोटी जोडपट्टी लावाच. काही कंपन्या ती सोबत देतात, नाहीतर वेगळी मिळते.

दोर दीड-दोन मीटरचा, साधा. आपोआप गुंडाळला जाणारा नको: त्याची स्प्रिंग सतत ताण ठेवते, आणि दोर ताणलेला असतानाच पुढे जायचं, हे कुत्रा त्यातूनच शिकतो.

घेताना कडीवर नख फिरवा. जोडाची फट नखाला लागली तर ती नुसती वाकवलेली आहे, झटक्याने उघडू शकते. बकल बहुतेक प्लास्टिकचंच असतं, त्याला इलाज नाही. घरी आल्यावर हार्नेस लगेच काढा, नाहीतर छातीचा पट्टा कुत्रा स्वतःच चावून तोडतो.

बाकी काम तुमचं. दोर ताणला की थांबायचं, ढिला झाला की निघायचं, खाऊ द्यायचा तो गुडघ्याजवळच. सुरुवातीला सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचणं होत नाही. घरातल्या एकाने हे पाळलं आणि दुसऱ्याने ओढू दिलं तर पैसे पाण्यात.

पिल्लू वर्षाच्या आतलं असेल तर महागडा घेऊ नका, छाती भरत जाते आणि तो लवकरच अपुरा पडतो.