दिग्गजांच्या निकषांवर शेअर तपासणारी सेवा: काही महिने वापरल्यानंतर

नामवंत गुंतवणूकदार आणि अभ्यासकांच्या निकषांवर एकेका शेअरला गुण देणारी एक सशुल्क सेवा गेले काही महिने वापरतोय. शेअरचं नाव टाकलं की ग्रॅहम, लिंच, ग्रीनब्लाट, पिओट्रोस्की अशा प्रत्येकाच्या पद्धतीनुसार वेगळे गुण येतात. सगळ्यांची सरासरी ठळक अक्षरांत वर झळकते. ती खुशाल सोडून द्या.

कारण खरी माहिती मिळते ती या मंडळींचं एकमेकांशी पटत नाही तिथे. एका कंपनीला लिंचच्या पद्धतीत उत्तम गुण होते: पीई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) 12, नफ्यातली वाढ 40 टक्के, म्हणजे पीईजी (पीई भागिले वाढीचा दर) 0.3. एकच्या आत असला तरी स्वस्त मानतात, हा तर फारच खाली. पिओट्रोस्कीच्या आर्थिक सुदृढतेच्या 9 कसोट्यांत मात्र तीच कंपनी 4 वर अडकली. निकाल उलगडला तर कामकाजातून आलेली रोकड निव्वळ नफ्यापेक्षा बरीच कमी. मग वार्षिक अहवाल काढला, तर येणी विक्रीच्या कितीतरी पुढे धावलेली. नफा कागदावर होता, पैसे ग्राहकांकडे. नुसत्या पीईजीवरून हे कधीच दिसलं नसतं.

अर्थात पिओट्रोस्कीने 2000 साली हे गुणांकन मांडलं ते पुस्तकी मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) मानाने स्वस्त शेअरांतून सुदृढ कंपन्या निवडायला. महागड्या शेअरला 8 गुण मिळाले म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. ही सेवा तसं कुठेच सांगत नाही.

ग्रॅहमच्या बाबतीत तर राग येतो. पीई 15 पर्यंत, पीबी (किंमत भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य) 1.5 पर्यंत, हे ठीक; पण पीई कमी असेल तर पीबी थोडा जास्त चालतो, दोन्हींचा गुणाकार 22.5 च्या वर जाऊ नये, अशी सवलत त्यानेच दिली आहे. पीई 9 आणि पीबी 2.4 म्हणजे 21.6, बसतो की! इथे मात्र पीबीपुढे लाल फुली. बँकांचा चालू गुणोत्तराच्या (अल्पमुदतीची मालमत्ता भागिले अल्पमुदतीची देणी) कसोटीवर सरसकट निकाल लावतात, तोही असाच. बँकेच्या ताळेबंदाला ती कसोटी लागूच पडत नाही. ग्रीनब्लाटच्या सूत्रातून वित्तीय कंपन्या वगळल्यात, म्हणजे करता येतं.

वर्गणी पुन्हा भरलीय, ती प्रत्येक कसोटीचा आकडा वेगळा दाखवणाऱ्या पानासाठी. तुम्ही घेणार असाल तर मोफत मुदतीत आधी ज्या कंपनीचे अहवाल तुम्ही स्वतः वाचलेत तीच टाकून पाहा.