शीआन: इथूनच ग्रुप टूर, की तिथे पोचून एका दिवसाची?

चीनमधलं शीआन नक्की झालंय, व्हिसाच्या कागदांची जमवाजमव चालू आहे. आता ठरवायचं एवढंच, की मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या ग्रुपबरोबर जायचं, की आपलं आपण पोचून फक्त टेराकोटा सैन्यासाठी (सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक) तिथली एकदिवसीय इंग्रजी टूर घ्यायची आणि बाकी शहर स्वतः पाहायचं.

जेवणाचं आधी उरकू, कारण निम्मे लोक तिथेच निर्णय घेतात. इथल्या ग्रुपमध्ये रात्रीचं जेवण बहुधा इंडियन रेस्टॉरंटमध्ये असतं आणि आधी सांगितलं तर जैन ताटही मिळतं. स्वतः फिरताना शाकाहारी माणसाची ओढाताण होते, हे मान्य. मुस्लिम मोहल्ल्यात डुकराचं मांस नसतं, पण मटण सगळीकडे. नूडल्समधले तुकडे काढून देतात, रस्सा मात्र मटणाचाच राहतो. त्यातल्या त्यात लियांगपी बरी. थंड, रुंद शेवया, व्हिनेगर, तिखट तेल, वर काकडी. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स शहरभर मिळतात आणि प्रश्नच मिटतो.

पैशांची भीती उगाच घेतली जाते. अलीपे या चिनी पेमेंट अॅपला कार्ड घरूनच जोडून ठेवा. ओटीपीसाठी भारतीय सिमचं रोमिंग चालू हवं. त्याच रोमिंगवर व्हॉट्सअॅपही सहसा चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लावला ते. टेराकोटा सैन्य आहे त्या लिंथोंगच्या वाटेवर ग्रुपची बस एका ‘वर्कशॉप’पाशी थांबते. साच्यात माती दाबून दाखवणं दहा मिनिटांत संपतं. मग मूर्ती, लाखेचं फर्निचर, जेड, रेशमी रजया यांच्या दालनांतून फिरवत फिरवत बाहेर काढतात, आणि बाहेरचं दार विक्रीच्या काउंटरपाशीच उघडतं. यात सहज तासभर जातो. टूर स्वस्त असते ती या दुकानाच्या कमिशनवर, त्यामुळे गाइडशी वाद घालून काही होत नाही. त्रास खरेदीचा नाही, ‘नको’ म्हटलं की झालं. पण तो तास सकाळचा असतो. म्युझियम साडेआठला उघडतं. नऊच्या आत पोचलं तर पिट 1 च्या (सैनिक उभे असलेल्या तीन खड्ड्यांपैकी सगळ्यात मोठ्या) कठड्याला पोट टेकवून उभं राहता येतं, प्रत्येक सैनिकाचा अंबाडा आणि चिलखताच्या पट्ट्या वेगळ्या दिसतात. अकराला पोचलं की पुढे चार रांगा आणि वर उंचावलेले मोबाइल.

उशीर झालाच तर आधी पिट 3, मग 2, आणि जेवणाच्या वेळेला 1. पिट 1 सुमारे 230 मीटर लांब आहे, पण गर्दी दाराजवळच साचते. बाजूच्या मार्गिकेने थेट मागे जा. तिथे तुकडे जोडून उभे केलेले, अजून पूर्ण न झालेले सैनिक जवळून दिसतात. 1980 मध्ये सापडलेले दोन कांस्यरथ आता पिट्सजवळ नाहीत. ते लिशान उद्यानातल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत, त्याच तिकिटावर शटल बसने जाता येतं. ग्रुपवाले हे बऱ्याचदा गाळतात.

स्थानिक टूर यात निर्दोष असतात असं नाही. अगदी स्वस्त टूर त्याच वर्कशॉपला जातात. पण तिथे ‘नो शॉपिंग’वाली निवडता येते. थोडे जास्त पैसे, लहान गाडी. त्याशिवाय पर्याय म्हणजे मेट्रोची 9 नंबरची लाइन ह्वाछिंगछीपर्यंत, पुढे बस. म्युझियमचं तिकीट मात्र पासपोर्टवर निघतं, एक आकडा चुकला तर दारावर अडतं.

शहरात ग्रुप आणखी मागे पडतो. तटबंदी 13.7 किलोमीटरची, वर बारा-चौदा मीटर रुंद. दक्षिण दरवाजाला सायकल भाड्याने घेऊन रमतगमत दोन तासांत फेरी होते. ग्रुपला तिथे फोटोपुरता वेळ मिळतो. शान्शी हिस्ट्री म्युझियमपुढे आयटिनररीत ‘उपलब्धतेनुसार’ लिहिलेलं असेल तर ते नाही असं धरून चाला. प्रवेश फुकट, म्हणून बुकिंग चटकन संपतं.

मोठ्या रानहंस पॅगोड्याची गंमत वेगळी. ह्युएन त्सांगने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी तो 652 मध्ये बांधला गेला. पुलकेशी दुसरा राज्य करत असताना महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांचा ताठा लिहून ठेवणारा हाच तो. तिथला इंग्रजी गाइड त्याच्या नालंदेतल्या शिक्षणापर्यंतच सांगतो. आपल्याकडचा टूर मॅनेजर चांगला निघाला तर इथे ग्रुपचं पारडं जड होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

सत्तरीपुढचे आई-वडील सोबत असतील, किंवा जैन जेवणात तडजोड नसेल, तर ग्रुपच घ्या. फक्त अॅडव्हान्स भरण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर लेखी मागा: पिट 1 ला पोचायची वेळ, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्याचं नाव. ‘टेराकोटा फॅक्टरी’ असं नाव दिसलं तर ती परतीच्या वाटेवर घ्यायला सांगा.