आरएक्स १०० ला कोन फिल्टर: घ्यावा का, आणि घेतलाच तर जेटिंग कसं करावं

यामाहा आरएक्स १०० चा एअर फिल्टरचा डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर लावलेल्या गाड्या पुण्या-कोल्हापुरात पावलोपावली दिसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा मुख्य तुकडा, अजून कंपनीचाच असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. फिल्टर काहीशे रुपयांत येतो आणि दहा मिनिटांत बसतो. पण त्याच्यासाठी कार्बोरेटर (कार्ब) नव्याने जुळवून घ्यायला, म्हणजेच जेटिंगला, एक अख्खा दिवस आणि पाच-सहा जेट लागतात. ती तयारी नसेल तर हा फिल्टर घेऊ नये.

कारण सरळ आहे. मूळ डब्याच्या तोंडाशी हवेला अडथळा असतो, त्यामुळे कार्बच्या गळ्यात ओढ जास्त असते आणि त्या ओढीवर जेटमधून पेट्रोल वर येतं. अडथळा गेला की हवा वाढते, ओढ घटते आणि पेट्रोल कमी पडतं. फोर-स्ट्रोक गाडी अशा वेळी फटफटून कुरकुर करते, पण ९८ सीसीच्या या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडलं की पिस्टनचा माथा तापतो आणि पिस्टन सिलेंडरला चिकटतो. चिकटण्याआधी काही मिनिटं गाडी उलट जास्त मोकळी, तरतरीत पळते. त्यामुळे ‘फिल्टर लावल्यावर पिकअप वाढला’ असं कोणी सांगितलं तर आधी त्याच्या गाडीचा प्लग काढून बघावा.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. तेल लावलेल्या सुती जाळीचा, म्हणजे के अँड एन कंपनीच्या पद्धतीचा फिल्टर सगळ्यात चांगला. धूळ धरतो, धुता येतो, वर्षानुवर्षं टिकतो. दोन थरांच्या फोमचा फिल्टरही चालतो, फक्त त्याला तेल लावायला विसरायचं नाही. तिसरा म्हणजे चकचकीत स्टीलच्या जाळीचा स्वस्त कोन. हा कधीच घेऊ नका. त्यातून बारीक धूळ सरळ आत जाते आणि काही हजार किलोमीटरमध्ये पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलेंडरची आतली भिंत) घासून ठेवते.

घेताना कार्बच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या, अंदाजाने घेऊ नका. आणि बहुतेक दुकानांत न बघितली जाणारी एक गोष्ट नक्की बघा. या गाडीच्या व्हीएम २० मॉडेलच्या कार्बचं तोंड टॉर्च मारून पाहिलं की खालच्या कडेला बारीक छिद्रं दिसतात. पायलट (आयडलिंगचा लहान जेट) आणि मेन जेटच्या वाटेची हवा तिथून जाते. फिल्टरच्या रबरी गळ्याची आतली कड जाड असेल तर ती या छिद्रांवर येऊन बसते. मग आयडलिंग कधी चढतं, कधी उतरतं, एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) कितीही फिरवला तरी फरक पडत नाही, आणि मेकॅनिक तीन-तीनदा कार्ब साफ करत बसतो. रबराची ती कड धारदार ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर कापली की त्रास संपतो.

जेटला हात लावण्याआधी गाडी निरोगी आहे ना, हे तपासून घ्यावं. कार्ब आणि सिलेंडरच्या मधल्या इनटेक रबराला चीर असेल तर सगळं सेटिंग खोटं ठरतं. गाडी आयडलवर ठेवून त्या सांध्यावर थोडा कार्ब क्लीनर फवारा. रेस बदलली तर तिथून हवा ओढली जातेय. कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची सुई झिजलेली असेल तर नवी टाका. क्रँकचा ऑइल सील गेलेला असला तरी लक्षणं हुबेहूब कमी पेट्रोलचीच दिसतात, आणि जेट वाढवून ती झाकता येत नाहीत.

आता जेट. तुमच्या मेन जेटवर जो आकडा कोरलेला असेल त्याच्या १५ वर जाऊन सुरुवात करा, म्हणजे ९५ असेल तर ११०. वरून खाली यायचं, खालून वर कधीच जायचं नाही. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा पडेल, कमी झालं तर पिस्टन जाईल. सगळे जेट एकाच कंपनीचे घ्या, कारण वेगवेगळ्या नकली जेटांवरच्या आकड्यांचा आपसात मेळ बसत नाही. सुईने भोक मोठं करणं तर साफ चूक.

गाडी पूर्ण गरम करून, मोकळ्या चढाच्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा. आवाज जड, बुडबुडल्यासारखा आला आणि गाडी पुढे जायला कंटाळली तर जेट मोठा आहे, ५ ने कमी करा. आवाज कोरडा, पातळ आला आणि थ्रॉटल किंचित मागे घेतल्यावर गाडी जास्त ओढायला लागली, तर जेट लहान आहे, गाडी तिथल्या तिथे थांबवा. शंका वाटली तर चालत्या गाडीत क्षणभर चोक ओढून बघा. त्याने गाडी सुधारली म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. शेवटची खात्री नव्या प्लगवर करायची. फुल थ्रॉटलवर क्लच दाबून इंजिन बंद करा आणि पोर्सेलीनच्या अगदी तळाशी उमटलेलं कडं बघा. तपकिरी हवं. टोकाचा रंग बघून काही कळत नाही.

मधला पट्टा सुईचा, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होऊन पेट्रोलची वाट उघड-बंद करणाऱ्या कार्बमधल्या सुईचा. अर्ध्या थ्रॉटलला, म्हणजे रोजच्या ५०-६० च्या वेगाला, हाच भाग काम करतो, आणि बहुतेक गाड्या इथेच चिकटतात. सुईच्या पाच खाचांपैकी मधल्या खाचेत क्लिप ठेवून सुरू करा. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. थ्रॉटलच्या मुठीवर टेपने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या तर गाडी नेमकी कुठे अडखळते ते कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची.

पायलट सगळ्यात शेवटी. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड फेरा बाहेर काढा, मग आयडल सगळ्यात वर जाईल तिथे आणा. ती जागा अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर पायलट जेट मोठा आहे, एका फेऱ्याच्या आत आली तर लहान. थ्रॉटलची केबल हलवली असेल तर इंजिनाला टू-स्ट्रोक तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाची खूणही जुळवून घ्या. तीच केबल पुढे पंपाला जाते, आणि तिथे ढील राहिली तर तेल कमी पडतं.

दोन गोष्टी आपल्याकडच्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला त्याच हवेसाठी इंधन जास्त लागतं, म्हणून जुने जेटिंगचे आकडे तसेच्या तसे उचलू नका, एक माप वर ठेवा. दुसरं, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे काटेकोर लावलेली गाडी घाट उतरून कोकणात गेली की दाट हवेमुळे पेट्रोल कमी पडतं. कोकणात जाणं-येणं असेल तर मेन जेट तिथल्या हिशोबानेच ठरवा.

फायदा किती? कंपनीचा सायलेन्सर असेल तर वरच्या आरपीएमला थोडा मोकळेपणा आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा मोठा आवाज, एवढंच. खालचा पिकअप थोडा कमीच होतो, कारण डबा आणि त्याचा रबरी गळा त्या पट्ट्यासाठी बेतलेला असतो. सायलेन्सर आणि पोर्टिंग (सिलेंडरमधल्या वायूच्या वाटांचा आकार) बदललेलं असेल तर फिल्टरचा उपयोग खरा. किंवा मूळ डबा फुटलाय आणि चांगला मिळत नाही, तर सुती फिल्टर हा योग्य पर्याय.

पावसाळ्यात मात्र साईड पॅनेल काढून फिरू नका. मागच्या चाकाचा चिखल थेट फिल्टरवर येतो आणि भिजलेल्या जाळीतून गाडी गुदमरते. सुती फिल्टर पेट्रोलने धुवू नका आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्याच्या साबणाने, आतून बाहेर पाणी सोडून धुवा, सावलीत वाळवा, प्रत्येक घडीवर तेलाची एकच ओळ द्या. तेल जास्त झालं तर पुन्हा मेन जेट मोठा असल्याची लक्षणं दिसतात. आणि मूळ डबा, रबरी गळा, जुना जेट हे सगळं एका पिशवीत घालून जपून ठेवा, गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो.