चेहऱ्यातली सणक: गोळ्या, सुई, की कानामागची शस्त्रक्रिया?

तोंडावर पाणी मारलं, ब्रश लावला, घास चावला किंवा पहाटे शेतात गार वारा गालाला लागला, की एका बाजूच्या जबड्यातून विजेची कळ जाते. काही सेकंद टिकते, थांबते, पुन्हा येते. खानदेशात पेशंट ‘करंट लागस’ असंच सांगतात. या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. एक लाख लोकांमागे वर्षाला साधारण ४ ते १३ नवे रुग्ण सापडतात. पन्नाशीनंतर प्रमाण वाढतं आणि बायकांमध्ये ते जास्त असतं. मेंदूतून निघून चेहऱ्याकडे येणारी पाचवी नस मुळाशी बहुधा एखाद्या रक्तवाहिनीखाली दबते. वायरचं आवरण झिजावं तसं तिचं आवरण तिथे झिजतं, म्हणून साध्या स्पर्शाचीही कळ होते.

उपाय अनेक आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. तुम्ही स्वतःसाठी किंवा आई-वडिलांसाठी ठरवत असाल, तर आधी दाताचा प्रश्न निकालात काढा.

दाढ काढायची की नाही

कळ वरच्या किंवा खालच्या दाढेतच जाणवते, त्यामुळे पहिला दवाखाना दातांचा असतो आणि तिथे चांगली दाढ निघण्याचा धोका खरा असतो. एक काढली, थांबलं नाही, म्हणून शेजारची काढली, असं होतं.

दाताच्या नसेचं दुखणं गरम-गार लागल्यावर मिनिटं-तासभर रेंगाळतं, रात्री आडवं झाल्यावर वाढतं, वेदनाशामक गोळीने थोडं तरी शमतं. न्यूराल्जियाची कळ सेकंदांत संपते, फार तर दोन मिनिटं राहते. दोन कळांच्या मध्ये बहुधा काहीच दुखत नाही आणि झोपेतून ती क्वचितच उठवते. जोरात दाबून कळ येत नाही, हलक्या स्पर्शाने मात्र येते. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांचा उपयोग होत नाही. तडा गेलेली दाढ मात्र फसवते, कारण चावताना किंवा चावा सोडताना तिचीही कळ तीक्ष्ण असते. म्हणून दाढ ठोकून पाहणं, गार लावून पाहणं आणि त्या दाढेचा छोटा एक्स-रे एवढं झाल्याशिवाय काढायला होकार देऊ नका.

‘सुन्न करायचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबलं, म्हणजे दाढच खराब’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. कळ जिथून सुरू होते ती जागा सुन्न केली, तर न्यूराल्जियाही तेवढ्या वेळापुरता थांबतो.

घास गिळताना घशातून कानात सणक जात असेल, तर ती दुसऱ्या, नवव्या नसेची असू शकते. कानाखालचं टोकदार हाड लांब वाढल्यानेही तसंच दुखतं. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. गिळताना चक्कर येत असेल तर लगेच जा, कारण त्या नसेच्या कळेबरोबर हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

एमआरआय: कोणता, आणि कशासाठी

पहिल्याच निदानाला एमआरआय करावा, कारण थोड्या रुग्णांमध्ये कारण रक्तवाहिनी नसून गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) असतं. वय चाळिशीच्या आत, दोन्ही बाजूंना दुखणं, चेहऱ्याला बधिरपणा, त्या बाजूने कमी ऐकू येणं यातलं काही असेल तर तो टाळूच नका. मेंदूचा नेहमीचा एमआरआय अपुरा पडतो. नस आणि रक्तवाहिनी वेगळी दिसायला ‘थ्रीडी सिस’ किंवा ‘फिएस्टा’ नावाचे पातळ काप लागतात, आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे लागतात. नाहीतर शस्त्रक्रियेच्या वेळी सगळा खर्च पुन्हा होतो. रिपोर्टबरोबर सीडीही मागून घ्या.

गोळ्या: सुरुवात सगळ्यांची इथूनच

कार्बामाझेपिन (टेग्रेटॉल, मॅझेटॉल) हे पहिलं औषध. सुरुवात १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मग दर तीन दिवसांनी १०० ते २०० मिलिग्रॅमने वाढवत बहुतेकांना दिवसाला ६०० ते ८०० पर्यंत नेतात, कमाल १२००. याने सुरुवातीला बहुतेकांना चांगला आराम पडतो, इतका की आराम पडणं हाच निदानाला मोठा आधार ठरतो. अपयश येतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, १०० ची गोळी दोनदा घेऊन चार दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून बंद केली जाते. दुसरं, पहिल्याच दिवशी मोठा डोस दिला जातो, चक्कर येऊन पेशंट पडतो आणि गोळीला कायमचा घाबरतो.

रक्ताची तपासणी गोळी सुरू करताना आणि पुन्हा दोन-चार आठवड्यांनी करा: पेशी, यकृत आणि सोडियम. साठीच्या पुढचे, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे लोक सोडियम घसरल्याने गोंधळल्यासारखे वागू लागतात आणि घरच्यांना ते म्हातारपण वाटतं. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्वचेची ही प्रतिक्रिया क्वचित होते, पण जिवावर बेतते. आशियाई लोकांमध्ये ती एचएलए-बी १५०२ या जनुकाशी जोडलेली आहे आणि रक्ताच्या चाचणीत ते कळतं, म्हणून गोळी सुरू होण्याआधी या चाचणीबद्दल विचारा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांनी गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. उलट वॉरफरिन आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ती कमी करते. खोकल्या-तापासाठी गेलात तरी हे सांगा.

ऑक्सकार्बाझेपिन या पर्यायी औषधाने गुंगी कमी येते, पण सोडियम जास्त घसरतं. बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गाबापेंटिन ही जोडीची औषधं आहेत. दोन औषधं पुऱ्या डोसवर घेऊनही जेवता येत नसेल, किंवा गोळ्यांच्या गुंगीत दिवस जात असेल, तर गोळ्यांवर वर्षं काढू नका. आमच्या मते शस्त्रक्रियेचा सल्ला तेव्हाच घ्यावा, अगदी हतबल झाल्यावर नाही.

गावाजवळचा उपाय: नसेची फांदी कापणं

गालातल्या किंवा हनुवटीतल्या छिद्रातून बाहेर येणारी फांदी तोंडाच्या आतून कापून काढतात. जागा सुन्न करून काम होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं, तोंड-जबड्याचे शल्यचिकित्सक जिल्ह्यातच ते करतात. पण नस पुन्हा वाढते आणि अनेकांचं दुखणं वर्ष-दोन वर्षांत परत येतं. तोवर ओठ किंवा गाल बधिर असतो: चहा भाजल्याचं कळत नाही, ओठ चावला जातो. तंबाखू ठेवणाऱ्याला त्या बाजूची जखम जाणवणारच नाही, आणि खानदेशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. भूल झेपत नाही आणि प्रवासही शक्य नाही अशा वृद्धाला हा उपाय चालेल. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाने केवळ जवळ आहे म्हणून हा निवडू नये.

सुई की कानामागची शस्त्रक्रिया

खरी निवड इथे आहे.

सुईच्या पद्धतीत ओठाच्या कोपऱ्याच्या बाहेर साधारण अडीच-तीन सेंटिमीटरवरून सुई गालातून कवटीच्या तळाच्या छिद्रात नेतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे नस तापवण्याच्या पद्धतीत, मधे पेशंटला जागं करून ‘मुंग्या कुठे येतात’ विचारतात. जागा जुळली की पुन्हा गुंगी देऊन ६० ते ७५ अंशांनी नस तापवतात. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी. तुर्कस्तानातले मेंदू-शल्यचिकित्सक डॉ. कानपोलात यांच्या १६०० रुग्णांच्या आढाव्यात (२००१) सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांना आराम पडला, पण एकदाच केलेल्या प्रक्रियेवर पाच वर्षांनी सुमारे ५८ टक्के आरामात होते. परत दुखलं तर सुई पुन्हा करता येते. नसेला मुद्दाम इजा करूनच हा आराम मिळतो, म्हणून थोडा बधिरपणा धरूनच चाला. कपाळ-डोळ्याच्या फांदीला इजा झाली तर बुबुळ बधिर होतं आणि कचरा गेलेला कळत नाही. दुखणं त्या भागात असेल तर बरेच डॉक्टर फुगा वापरतात. सुमारे पाऊण ते एक मिलिलिटर द्रव भरलेल्या छोट्या फुग्याने नस मिनिटभर दाबतात. त्याला पूर्ण भूल लागते आणि त्या बाजूने चावायची ताकद काही आठवडे-महिने कमी राहते. क्वचित बधिर भागातच सतत आग होत राहते. त्याला चांगला इलाज नाही.

शस्त्रक्रियेत, म्हणजे एमव्हीडीत (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन), कानामागे सुमारे तीन सेंटिमीटरचं हाड उघडून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी नसेपासून सोडवतात आणि मध्ये टेफ्लॉन ठेवतात. नस कापली जात नाही, त्यामुळे बहुतेकांचा चेहरा बधिर होत नाही. ही पद्धत रुजवणाऱ्या पीटर जॅनेटा यांच्या गटाने १९९६ मध्ये ११८५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली, पण दहा वर्षांनी सुमारे ७० टक्के लोक गोळ्यांशिवाय वेदनामुक्त होते. किंमतही तिथेच नोंदली आहे: दोन मृत्यू, आणि सुमारे १ टक्का लोकांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं. हे आकडे फार सरावलेल्या हातांचे आहेत. म्हणून सर्जनला थेट विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, आणि चालू असताना ऐकण्याच्या नसेवर यंत्राने लक्ष ठेवता का?

वय पासष्टीच्या आत, हृदय-फुप्फुस ठीक, आणि एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला दाबताना स्पष्ट दिसते, तर आम्ही एमव्हीडीच सुचवू. वय जास्त असलं तरी तब्येत चांगली असेल तर दार बंद नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस असेल किंवा मोठी भूल झेपणार नसेल, तर सुई.

गामा नाइफमध्ये, म्हणजे नसेच्या मुळावर किरणांचा बारीक झोत टाकण्याच्या पद्धतीत, चीर नसते, एका दिवसात काम होतं, पण आराम पडायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. आज पाणीही पिता येत नाही अशा पेशंटला तो पर्याय नाही. रक्त पातळ करणारी औषधं थांबवता न येणाऱ्यांना तो बरा.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून निघताना

निदान, गोळ्या आणि रक्ततपासण्या जिल्ह्यातच होतील, तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एमव्हीडीसाठी अनुभवी हात शोधताना जळगाव-भुसावळकर रेल्वेने मुंबई, धुळेकर महामार्गाने नाशिक-मुंबई, आणि नंदुरबार-शहाद्याचे लोक सुरत पाहतात. सुरतेला जाणार असाल, तर आधी आपलं आयुष्मान कार्ड त्या रुग्णालयात आणि याच प्रक्रियेसाठी चालतं का ते फोनवर विचारा, कारण महाराष्ट्रातली महात्मा फुले योजना सुरतेच्या रुग्णालयात लागू नसते. राज्यातल्या योजनेच्या रुग्णालयात हेच आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, विचारायचं.

बरोबर दातांचे सगळे एक्स-रे, एमआरआयची सीडी आणि एक कागद घ्या: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कशाने कळ येते. प्रवासात गोळीची वेळ चुकवू नका. भाकरी चावता येत नसेल तर कढी-खिचडी, पातळ वरण कोमट करून द्या. चेहऱ्याला रुमाल बांधून खिडकीपासून लांबची जागा घ्या.

शस्त्रक्रियेनंतर दुखणं त्याच दिवशी थांबलं तरी कार्बामाझेपिन एकदम सोडायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे काही आठवड्यांत उतरवत न्यायचं. कानामागच्या जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव आला, ताप आला किंवा मान ताठ झाली, तर ‘पुढच्या तारखेला दाखवू’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा.