क्रायटेरियनची ‘वांडा’ ब्लू-रे: ग्रेन शाबूत ठेवणारी प्रत

बार्बरा लोडनने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतः मुख्य भूमिका केलेला ‘वांडा’ १९७० साली व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. पुढे कित्येक वर्षं तो पाहायला मिळणंच मुश्कील होतं. तिचा हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातली एक बाई नवरा-मुलांना सोडते आणि एका चोराच्या मागे फरफटत जाते, एवढीच गोष्ट. वेगळं पार्श्वसंगीत नाही. सुरुवातीलाच कोळशाच्या ढिगांमधून चालणारी पांढऱ्या कपड्यांतली वांडा ठिपक्याएवढी दिसते आणि कॅमेरा लांबूनच तिच्यासोबत सरकत राहतो. हा शॉट ज्या प्रतीत उतरतो तीच संग्रहात हवी.

निकोलस प्रोफेरेस यांनी तो १६ मिमी रिव्हर्सल फिल्मवर चित्रित केला. या प्रकारात कॅमेऱ्यातली पट्टीच धुतल्यावर पॉझिटिव्ह होते, निगेटिव्ह वेगळी नसते. चित्रपटगृहांसाठी ती ३५ मिमीवर मोठी केली की ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, जाड होतो आणि सावल्यांमधले तपशील बुजतात. बंद पडणाऱ्या एका लॅबमधून मूळ रिळं वाचली, त्यांवरून यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने २०१०मध्ये पुनरुद्धार केला आणि क्रायटेरियन या अमेरिकी चित्रपट-प्रकाशन कंपनीची २०१९ची ही डिस्क त्यावर आधारलेली आहे. त्याआधीच्या डीव्हीडींमध्ये हा पुनरुद्धार नाही. त्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत.

टीव्हीवरचं नॉइज रिडक्शन आणि शार्पनेस आधी बंद करा. ग्रेनला कचरा समजून टीव्ही तो पुसतो, मग चेहरे मेणासारखे दिसतात. चौकटीची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण १.३७:१ आहे, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्र ताणलं की कोळशाच्या त्या पसाऱ्यातलं तिचं एकटेपणच बिघडतं.

पुरवणीत १९८०चा ‘आय ॲम वांडा’ हा माहितीपट आणि लोडनचाच १९७५चा लघुपट आहे. माहितीपट तर चुकवूच नये, लोडन त्याच वर्षी गेली. चित्रपटासोबत ऐकायचा भाष्याचा ट्रॅक (कॉमेंटरी) मात्र नाही आणि ही उणीव जाणवते.

ब्लू-रे डिस्क जगातल्या ठरावीक विभागांपुरत्या (रीजन) बांधलेल्या असू शकतात; ही डिस्क रीजन ‘ए’ची आहे. ‘बी’ किंवा ‘सी’ला बांधलेल्या प्लेअरवर ती चालणार नाही. वापरलेली प्रत घेताना समीक्षक एमी टॉबिन यांचा लेख असलेलं पत्रक आत आहे का ते पाहा आणि डिस्क उजेडात तिरकी धरून तपासा. ब्लू-रेचा डेटा थर वाचण्याच्या बाजूने फक्त ०.१ मिमी आत असतो, तर डीव्हीडीचा ०.६ मिमी. त्यामुळे कडक लेप असला तरी खोल चरा दिसल्यास ती प्रत सोडून द्यावी.