घुबडाचं नाणं आणि छिन्नीचा घाव

प्राचीन ग्रीक चांदीची नाणी घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग पाकिटाला हात घाला. मी जर्मनीत राहतो. इथे अशी नाणी रीतसर विकली जातात, मेळे भरतात. तशाच एका मेळ्यात, भर गर्दीत, मला साडेसहाशे युरोंचा चुना लागला.

नाणं अथेन्सचं, चार ड्राख्मांचं (ड्राख्मा हे तिथलं चलन), इ.स.पू. 5 व्या शतकातलं म्हणून दाखवलेलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, ऑलिव्हची डहाळी, बारीकशी चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. लॉरिऑनच्या खाणींतल्या चांदीची ही नाणी तेव्हा पार इजिप्तपर्यंत चालायची. विक्रेता बोलण्यात पक्का. अथीनाचा चेहरा बाजूने दिसतो, पण डोळा मात्र समोरून काढलेला, हे त्याने मला भिंगातून दाखवलं. मग इतर ग्रीक शहरांच्या नाण्यांवरची चिन्हं: एजिनाचं कासव, कॉरिंथचा पंखवाला घोडा, एफेससची मधमाशी! चिन्हांबद्दल त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं. तेवढा वेळ नाण्याची कड बघायला कुणी थांबलंच नाही, आणि त्याला तेच हवं होतं.

घुबडाच्या अंगावर छिन्नीचा एक आडवा घाव होता. आत तांबं नाही ना, हे बघायला त्या काळचे व्यापारी चांदीच्या नाण्यावर असा घाव घालत. ‘अडीच हजार वर्षांपूर्वीच तपासून झालंय,’ विक्रेता हसून म्हणाला. वजन 15.9 ग्रॅम भरलं, खरं तर 17.2 च्या आसपास हवं. त्यावर उत्तर तयार: वापरून झिजलंय. पृष्ठभागावर बारीक खड्डे? मातीत पडून होतं. प्रत्येक खोटीला इतिहासातलं एक कारण त्याच्याकडे होतंच.

घरी दिव्याखाली तो घाव नीट बघितला. छिन्नी मारली की धातू दोन्ही बाजूंना सरकतो, कडा धारदार राहतात, तळाशी रेषा उमटते. इथे कडा गोलसर, चोखलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत, आणि घावाच्या तळाशीसुद्धा तेच बारीक खड्डे. म्हणजे घाव या नाण्यावर कुणी घातलाच नव्हता. तो मूळ नाण्यावर होता. त्याचा साचा काढून हे ओतलेलं.

मग पाण्याची चाचणी केली. सोपी आहे, घरचा छोटा डिजिटल काटा पुरतो. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता बुडवायचं, आणि नाण्याच्या वजनाला येणाऱ्या आकड्याने भागायचं, की घनता मिळते. माझं उत्तर 9 च्या जवळ आलं. चांदीची घनता 10.49, आणि अथेन्सची चांदी चांगलीच शुद्ध असायची.

शेवटची शंका एका फोटोने फेडली. दुसऱ्या एका संग्राहकाकडे हेच नाणं निघालं: घाव त्याच जागी, त्याच कोनात, काठाची चीरसुद्धा तीच. हाताने पाडलेल्या नाण्यांचा ठसा एक असू शकतो, चीर आणि घाव एकसारखे कधीच नसतात.

गंमत म्हणजे अथेन्सचा इ.स.पू. 375/4 चा एक कायदा शिलालेखात सापडलाय. बाजारात बसणारा सरकारी परीक्षक, तोही गुलाम, नाणी तपासायचा आणि खोटं निघालेलं नाणं चिरून टाकायचा. म्हणजे ‘चिरलंय म्हणून खरं’ हा दावा त्या परीक्षकापुढे टिकला नसता.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘मी अस्सल म्हणून विकलंच नव्हतं.’ त्याने दिलेल्या गुळगुळीत कागदी प्रमाणपत्रावर ‘अथेन्स, घुबड’ एवढंच. ना विकणाऱ्याचं नाव, ना पत्ता. पोलिसांनी तक्रार घेतली, पण पहिला प्रश्न बिलाचाच होता, आणि बिल त्याने दिलं नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत.

तेव्हा नाव-पत्ता, नाण्याचा फोटो, वजन आणि अस्सलपणाची बिनमुदत हमी हे सगळं बिलावर लिहून मागा. चांगले व्यापारी कुरकुर न करता देतात. नाणं आधी कुणाकडे होतं, कुठल्या लिलावातून आलं, हेही विचारा. भारतात मिनँडर, अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांच्या लहान चांदीच्या ड्राख्मा घेणाऱ्यांनी तर विक्रेत्याकडे पुरावस्तू विकायचा परवानाही बघावा. 1972 च्या कायद्याने तो लागतो. आणि फोटो फक्त दोन बाजूंचे आले तर कडेचा मागून घ्या. ओतीव नाण्याची शिवण तिथे कानशीने घासलेली असते.