रफ वहीच बरी: कथा अडलेल्यांसाठी दोनशे पानी लाँगबुक

कथा पहिल्या पानावर अडली की माणूस काहीतरी नवं विकत घेतो. चामडी पुठ्ठ्याची डायरी, शाईचं पेन, नाहीतर लिहायचं एखादं ॲप. या सगळ्यांपेक्षा सरस ठरते ती स्टेशनरीच्या दुकानात दप्तरांमागे रचलेली शाळकरी लाँगबुक. २०० पानी, एकेरी रेघांची, शिवलेली, शंभर रुपयांच्या आत. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत मिळते. सोबत साधं बॉलपेन.

डायरीची अडचण एवढीच की ती फार देखणी असते. पहिल्या पानावर ‘श्री’ पडतो, पुढचं वाक्य त्या श्रीच्या तोलाचं हवं म्हणून हात थांबतो आणि दोन वर्षांनी डायरी दूधवाल्याच्या हिशेबाला लागते. लॅपटॉपवर खोडलेलं दिसतच नाही, म्हणून एकच परिच्छेद तीसदा घासला जातो. तीन पानं लखलखीत, चौथं नाहीच. त्यात मराठीची सोय लावलेली नसेल तर शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ. ज्याला आधीच ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती, त्याला ती मास्तरांच्या लाल शाईसारखी दिसते. संवाद मालवणीत असतील तर विचारूच नका. ‘माका ठावक नाय’ हे यंत्राला काही केल्या पटत नाही.

शाळेत रफ वही कोणी तपासत नसे. लाँगबुकचा सगळा गुण यात आहे.

घेताना वही मधोमध उघडून दोरा दिसतो का ते बघा. शिवलेल्या वहीत एक कागद दुमडून जोडपान झालेलं असतं. बारावं पान रागाने फाडलं की त्याचा जोडीदार सैल होतो आणि दोन दिवसांनी भलतंच पान हातात येतं. एकदा असं झालं की माणूस फाडायचं सोडतो, आडवी रेघ मारतो आणि पुढे जातो. स्पायरलच्या वहीत ही अडवणूक नाही, पान टर्रकन निघतं, म्हणून ती नको. पिना मारलेली वही किनाऱ्यावर तशीही टिकत नाही. खाऱ्या हवेत पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तांबूस डाग उतरतात.

पेन बॉलचंच. जेल आणि फाउंटन पेनची शाई सहसा पाण्याची असते. आषाढात कागद हवेतला ओलावा पिऊन मऊ पडतो आणि त्यावर ही शाई पसरून अक्षर केसाळ होतं. बॉलपेनची शाई तेलकट, ती पसरत नाही. घामट तळव्याचं तेल कागदाला लागलं की मात्र तीही तुटक उमटते. हाताखाली जुन्या कॅलेंडरचं पान ठेवलं की झालं. पेन्सिल नको, तिच्यामागून खोडरबर येतं.

लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान शंकांसाठी. ‘हा संवाद खोटा वाटतो’, ‘काकी एवढं बोलेल का?’ हे तिथे एका ओळीत टाकावं, उजवीकडचं वाक्य तसंच राहू द्यावं. दडपलेली शंका दर वाक्याला परत येते. लिहून ठेवली की गप्प बसते आणि दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी कामालाही येते. बऱ्याच शंका तोवर आपोआप निकालात निघालेल्या असतात, कारण काकी पुढच्या पानांत तेवढं बोलायला लागलेली असते.

माहिती अडली तर चौकट काढायची. समजा मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढतायत असा प्रसंग आहे आणि एका दोराला किती माणसं लागतात हे ठाऊक नाही. इथे लिहिणारा फोन उचलतो, तासभर व्हिडिओ बघतो आणि रापण पाण्यातच राहते. त्याऐवजी ‘दोराला ▢ माणसं लागली होती’ असं लिहून पुढे सरकावं. खर्डा संपल्यावर सगळ्या चौकटी एका कागदावर उतरवाव्यात आणि जाणत्या रापणकराला एकदाच काय ते विचारावं. ‘खंय’ की ‘खय’ याचाही निकाल तेव्हाच. आधी कानाला येईल तसं लिहावं, मागाहून एक रूप निवडून सगळीकडे लावावं.

रोज बसल्यावर मागचं पहिल्यापासून वाचू नये. शेवटच्या ५ ओळी पुरतात. आणि उठताना वाक्य अर्धं सोडावं, दुसऱ्या दिवशी ते पुरं करण्याच्या निमित्ताने हात चालू होतो.

हिशेब सरळ आहे. मध्यम अक्षरात पानावर साधारण २०० शब्द बसतात. रोज एक पान म्हणजे १८ दिवसांत ३,६०० शब्दांचा खर्डा, दिवाळी अंकातल्या कथेला पुरेसा. उजवी पानं १००, म्हणजे एका वहीत पाच कथा. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला ही मुदत चिकटली आहे आणि बहुतेक संपादक साहित्य मागवतात ते पावसाळ्यातच. शाळा उघडताना घेतलेली वही म्हणूनच वेळेवर कामी येते.

आता उणिवा. वहीची प्रत एकच असते, तेव्हा रोजच्या पानाचा फोनवर फोटो काढावा. पावसात पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि कागदाला कसर लागते. बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत वही ठेवली की भागतं. शेवटी टाइप करावं लागतंच. बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे, पण ती मालवणीला प्रमाण मराठीकडे ओढते. संवाद हातानेच टाइप करावेत. या कष्टाचा फायदा असा की दुसरा खर्डा आपसूक होतो, कारण कंटाळवाणं वाक्य पुन्हा टाइप करायला बोटं राजी नसतात.

एका सवयीवर मात्र वहीचा इलाज चालत नाही: फेअर करणं. खोडलेलं पान डोळ्यांत खुपतं म्हणून तेच पुढच्या पानावर सुवाच्य उतरवणारे बरेच असतात. लॅपटॉपवरची घासाघीसच ती, फक्त पेनाने. त्यावर उपाय म्हणून पानाच्या डोक्यावर तारीख टाकावी. एकाच प्रसंगावर दोन तारखा दिसल्या की चोरी पकडली गेली.

एकच वही घ्या. डझनावर स्वस्त पडते हे खरं, पण बारा वह्यांना कव्हरं घालण्यात आठवडा जातो. दुकानातच शेवटच्या पानावर पेन चालवून बघा. दुकानदार ओरडला तर पैसे काढा, घ्यायचीच होती.